बोटीचा मालक आपल्यातला का नाही?

आमच्या आणि शेजारच्या काकींच्या आवारांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेएवढा. तेवढाच बरा. उंच असता तर गप्पा बंद पडल्या असत्या आणि नसता तर त्यांची गाय आमच्या अळवात दिसली असती.

परवा काकी फणसाचे गरे घेऊन आल्या त्या बातमी घेऊनच. "ऐकलंस का गो? आमचा भाचा सेकंड ऑफिसर झाला. पनामाच्या कालव्यात आहे म्हणे सध्या. हा बघ फोटो." फोटोत भाचा शोधावा लागत होता, बाकी सगळी बोटच होती.

"केवढी हो ही! मालक कोण?"

"असेल कोणी तरी ग्रीक. आपला कधी असतो? रत्नागिरीचा माणूस बोटीवर खलाशी होईल, तांडेल होईल, सारंग होईल. आता कप्तानसुद्धा होतो. मालक म्हटलं की नाव दुसऱ्याचं."

पडवीत नानांचा पेपर खाली आला. बोटीचा विषय निघाला की नाना ऐकू येत नसल्याचं सोंग सोडतात. "असं कसं? वालचंद हिराचंद नाही का?"

"ते सोलापूरचे," काकी म्हणाल्या. "तिथे उजनीचं धरणसुद्धा नंतर झालं."

"म्हणूनच धाडस झालं. समुद्र बघितलेला माणूस आधी वाऱ्याचा विचार करतो." नाना उठून गडग्यापाशी आलेच. "रेल्वेच्या डब्यात त्यांना कळलं, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची बोट विकायची आहे. लढाईत इस्पितळ म्हणून वापरलेली. नाव लॉयल्टी. दुसरा असता तर 'हो का' म्हणून डबा उघडून पोळीभाजी खात बसला असता. यांनी नरोत्तम मोरारजींना गाठलं, बोट घेतली, शिंद्यांच्या नावानं सिंधिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज देशभर त्या तारखेला सागरी दिन पाळतात."

"आणि १९२३ साली तीच बोट भंगारात गेली, तेही सांगा," काकी म्हणाल्या. नानांनी हेच पूर्वी कधी तरी सांगितलेलं असणार. काकी विसरत नाहीत.

"बोट गेली, कंपनी नाही गेली! ब्रिटिश बोटवाल्या लॉर्ड इंचकेपनं विकत मागितली, दिली नाही. साहेबानं भाडी पाडली, तरी टिकले. १९२३ साली दहा वर्षांचा करार करावा लागला, किनाऱ्यापुरतंच राहायचं असा. तो गिळला. पुढे विशाखापट्टणमला गोदी बांधली. तिथलं पहिलं जहाज जलउषा. नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, १९४८ साली."

"सगळं खरं. पण ते गरीब कुठे होते? वडिलांची सावकारी, कापसाचा व्यापार. गरीब म्हणायचे तर ते त्यांचे भागीदार फाटक. रेल्वेतले कारकून."

यावर नानांना बोलता येईना. कंत्राटदारीत वालचंदांचा हात धरणारे लक्ष्मणराव फाटक मराठी घरांतून कधीच पुसले गेले, हे मला नेहमी खटकतं. पण तो दुसऱ्या दिवसाचा विषय.

मी म्हटलं, "पण आपल्या किनाऱ्यावर आगबोटी होत्याच की. मालक तेव्हाही नव्हते?"

आता काकींची पाळी होती. त्यांच्या सासूबाई लग्न होऊन बोटीनंच रत्नागिरीला आल्या. मुंबई सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड करत बोट यायची आणि बंदरापासून लांब उभी राहायची. मग पडाव. लाटेनं पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून ओढायचा, खाली गेला की तुम्ही मधेच लटकलेले. सासूबाईंचा शालू असा भिजला की त्याचा रंग सोबतच्या फराळाच्या डब्यापर्यंत गेला. "ती साहेबाची बॉम्बे स्टीम. दुसरी आपल्या लोकांची, तिला सगळे 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. तुकाराम, रामदास अशी बोटींची नावं. गोव्याकडच्या माणसांसाठी सेंट झेवियरसुद्धा."

"नाव माझी, पण नफा कुणाचा?" नाना म्हणाले. "भागभांडवल थोडं थोडं गोळा केलेलं. साहेबाशी भाड्याची झोंबाझोंबी करण्यात दमछाक. आणि मग रामदास." दोघंही जरा थांबले. १७ जुलै १९४७, गटारी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना. सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणात बोटीचं भांडवल कुणी काढावं आणि त्याला बायकोनं होकार द्यावा, हे नंतर अवघडच होतं.

"म्हणजे रत्नागिरीतनं शेठ निघालाच नाही असं का?" मी विचारलं.

"निघाला ना! भागोजीशेठ कीर!" दोघं एकदम.

"पण त्यांच्या कुठे बोटी होत्या?"

"बोटी नव्हत्या, बोटीशी संबंध होता," काकी म्हणाल्या आणि गरा हातातच राहिला. "भंडारी समाजातला पोर. घरी अठराविश्वे दारिद्र्य. किनाऱ्यावर उंडीची झाडं असतात बघ. वटवाघळं रात्री फळ चावून बी खाली टाकतात. सकाळी पोरांनी ती गोळा करायची, वाळवायची, घाण्याला घालायची. तेल कडू, वास असा की हात धुतला तरी जात नाही. दिव्यात जाळायचं नाही तर होडीच्या फळ्यांना लावायचं. भागोजी लहानपणी उंडी गोळा करत, असं सांगतात. म्हणजे दुसऱ्याच्या होडीला तेल लावण्यापासून सुरुवात!"

"मग मुंबईला गेले," नाना म्हणाले. "सुतारकाम शिकले. मग कंत्राटं. शापूरजी पालनजींबरोबर काम केलं. त्याच पेढीनं १९३० साली मुंबई सेंट्रल उभं केलं, एवीस महिन्यांत."

"एकवीस," काकी.

"तेच म्हणतोय. आज शौचालयाची टाकी बांधायला आपल्याकडे दोन पावसाळे जातात."

कोकणात कोणी श्रीमंत झाला की त्याला घर खणताना हंडा तरी सापडलेला असतो, नाही तर सासरचं काही तरी मिळालेलं असतं. स्वतःच्या हातानं मिळवलं यावर आपला विश्वास बसायला वेळ लागतो. भागोजीशेठांच्या हातात रंधा होता, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की हंड्याची गरज राहत नाही. मुंबईत बांधकामांचा तो काळच तसा होता. लाकूड ओळखणाऱ्या, मजूर सांभाळणाऱ्या आणि शब्द पाळणाऱ्या माणसाला कंत्राट मिळायचं. बोटीच्या धंद्यात मात्र आधी बोट घ्यायला पैसा हवा, कोळशाला पैसा हवा आणि साहेब भाडं पाडेल तोवर तग धरायला पैसा हवा. सुताराला बोट कुठली परवडणार? माझ्या मते आपल्याकडे मालक न होण्याचं खरं कारण हे. आळस वगैरे मुंबईकरांनी आपल्याला चिकटवलेलं आहे.

काकींना कारणांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना पैशाचं पुढे काय केलं ते सांगायचं होतं. "किल्ल्याजवळ भागेश्वराचं देऊळ बांधलं. शेठ झाले, देऊळ झालं, पण भंडाऱ्याला ब्राह्मणांच्या देवळात मान मिळायचा काय? आणि महारा-चांभारांना तर दारच बंद. तेव्हा सावरकर इथे स्थानबद्ध. १९२४ पासून १९३७ पर्यंत होते. ते म्हणत होते, सगळ्यांना आत घ्या. विठ्ठल मंदिरात वाद काय झाले, ते आमच्या सासूबाईंकडून ऐकायचं."

"मग नवंच देऊळ बांधू असं ठरलं आणि पैसा भागोजीशेठांनी दिला. पतितपावन," नाना म्हणाले. "१० मार्च १९२९ ला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हस्ते पाया घातला आणि २२ फेब्रुवारी १९३१ ला मंदिर उघडलं. लक्ष्मीनारायण. कुठल्याही जातीच्या हिंदूनं गाभाऱ्यापर्यंत जायचं. गावातली कित्येक घरं त्यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. सहभोजनाला गेला तो सोवळ्यातून गेला, असा हिशेब."

सावरकरांच्या बाकीच्या राजकारणाविषयी नानांचं आणि माझं मत जुळत नाही, ते आम्ही गडग्यावर काढत नाही. पण १९३१ साली रत्नागिरीसारख्या कर्मठ गावात हे देऊळ उभं राहिलं, यात भाषण एकाचं आणि थैली दुसऱ्याची होती. भाषणवाल्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. थैलीवाल्याचं विचारलं तर कॉलेजातली पोरं डोकं खाजवतात, आणि त्यातली काही भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातच शिकतात!

"मुंबईत तरी नाव आहे," मी म्हटलं. "दादरला."

"हो तर! शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी. जागा त्यांनी दिली. चैत्यभूमीच्या शेजारी. मोठमोठे पुढारी, नट तिथेच जळले. आमच्या मोठ्या जावेला नेलं तेव्हा भटजी उशिरा आले. मी तासभर पाटी वाचत बसले. कीर! म्हटलं, हा तर आपल्या रत्नागिरीचा."

"तासभर दुःख नव्हतं वाटतं?" नाना.

"दुःख होतंच. पण पाटीवर आपलं नाव बघून बरं वाटलं, लपवू कशाला?"

पोरांच्या शाळेची वेळ झाली म्हणून मी गरे घेऊन वळले, तर काकींनी परत हाक मारली. जयगडला, लावगणला बोटी दुरुस्त करायची गोदी आहे, भाच्याला तिथे नोकरी मिळेल का, बाकी काही नको, पनामा फार लांब पडतं. मी म्हटलं, चौकशी करते.

तुमच्याकडे मे महिन्यात पाहुणे येतील, तेव्हा थिबा राजवाडा आणि भगवतीचं देऊळ दाखवालच. वाटेत पतितपावन मंदिरापाशीही थांबा. आत जाऊन या, आणि ते कुणाच्या पैशातून उभं राहिलं, तेही पाहुण्यांना सांगा.