मालक, पण पाहुणा

इंडेक्स टू तुमच्या नावावर, लाइट बिल तुमच्या नावावर, भिंतीवरचा सायरनही खरेदीखतात धरलेला. चोर-अलार्मचा खरा कोड मात्र तो बसवून गेलेल्या माणसाकडे. तुमच्या हाती असतो युजर कोड. त्यात चालू-बंद करण्यापुरता हक्क, म्हणजे घरजावयाइतका. खरी सत्ता इन्स्टॉलर कोडची. तो माणूस आता कंपनीत नाही; कंपनी तरी आता कुठे आहे म्हणा!

जाणकार सांगतात, कोड बदलायचा तर अलार्मच्या पॅनेलचं झाकण उघडा. उघडलं की आतला टॅम्पर स्विच सुटतो आणि घरमालक चोरी करतोय, हे सायरन अख्ख्या सोसायटीला कळवतो. इंटरकॉमवर वॉचमन: "साहेब, तुम्हीच ना?" मेन स्विच पाडा, तर आतली बारा व्होल्टची बॅटरी इमानाने जागी. तीही काढून पुन्हा जोडली, की काही पॅनेलांत सुरुवातीच्या काही सेकंदांत ठरावीक बटणं दाबून आत शिरता येतं. बसवणाऱ्याने लॉकआउट लावून ही वाट बंद केली असेल तर तेही नाही. मुकाट नवा बोर्ड घ्यायचा. त्यासाठी पॅनेल बनवणाऱ्यांचं कस्टमर केअर जुन्या मालकाचं मूळ बिल मागतं.

चोराला यातलं काहीच लागत नाही. तो मागच्या खिडकीचं ग्रिल कापतो. तिथला सेन्सर बसवायचा राहिलेलाच असतो.