पेठ नाक्यावरचा आरएनए

साताऱ्याहून सांगलीला एसटीनं निघालं की कऱ्हाडपर्यंत झकास झोप लागते. पेठ नाक्याला गाडी आत वळली की रस्ताच उठवतो. मग मी मोबाईल काढून आरएनए घडवायला बसतो. खेळाचं नाव इटर्ना. ए, यू, जी, सी असे चार रंगांचे मणी. वर एक आकृती दिलेली असते. मणी असे निवडायचे की माळ आपली आपण दुमडून तोच आकार घेईल. ए चं यू शी जमतं, जी चं सी शी. जी-सी ची गाठ तीन बंधांची, ए-यू ची दोनच. म्हणून नवखा गडी सगळीकडे जी-सी भरत सुटतो आणि माळ भलत्याच ठिकाणी गाठ मारून बसते. आमच्या भावकीत दोन सोयरिकी अशाच झाल्यात.

आष्ट्याच्या अलीकडे खड्ड्यात बोट घसरलं, जी च्या जागी ए पडला आणि जमलेली घडी उलगडली. "बघा, यालाच उत्परिवर्तन म्हणतात," मी शेजारच्या मावशींना म्हणालो. "माझं कालवण सांडलं, त्याचं बोला," मावशी म्हणाल्या.

घरी या सगळ्याला 'रिकामटेकडेपणा' असं नाव आहे. मी पुरावे देत असतो. फोल्डइट नावाच्या अशाच एका खेळात, माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या विषाणूच्या एका विकराची घडी खेळाडूंनी तीन आठवड्यांत जमवली, आणि २०११ मध्ये ते शोधनिबंधात छापून आलं. शास्त्रज्ञ त्यावर दहा वर्षांहून जास्त काळ अडले होते. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हा खेळ निघाला त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत ते घेणारे डेमिस हसाबिस तर मिसरूड फुटायच्या वयात 'थीम पार्क' हा व्हिडिओ गेम बनवत होते! "त्यांना मिळालं ना? तुम्ही दळण आणा," हे बायकोचं परीक्षण.

सांगलीला बहिणीकडे दाजी भेटतात. तासगावात त्यांची द्राक्षबाग. घड जीए मध्ये बुडवायचे दिवस होते. मी उत्साहानं सांगितलं, "दाजी, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीला लगाम घालून बसलेली असतात. जीए आलं की पेशी त्या डेलांचाच निकाल लावते, म्हणून मणी लांबतो."

दाजींनी बोटावरचा डाग पुसत ऐकून घेतलं. "म्हंजे आमी इतकी वर्सं डेला मारतूय व्हय?"

"व्हय."

"मग पाव्हणं, औंदा किती पीपीएमनं मारायचा? परवा ढगाळ हुतं."

खेळात ढग नसतात. मी गप्प बसलो. दाजींनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि माझी अडलेली घडी बघता बघता जमवली. घडांची विरळणी करणारा हात. फालतू मणी कुठला ते त्याला बरोबर दिसतं.

"सोपं हाय की," मोबाईल परत देत ते म्हणाले. "आता त्या नोबेलवाल्यास्नी इचारा, बेदाण्याचा दर कुठल्या मण्यात अस्तोय."