अंकीवाला

लग्नाच्या पंगतीत जिलबी येईपर्यंत ज्याचा अंगठा मोबाइलवर टकटकत असतो आणि ओठ पुटपुटत असतात, तो जप करत नसतो. तो अंकीवाला. पुण्यात जपानी शिकणारे उदंड. त्यांतली ही खास पोटजात.

अंकी हे कार्डांचं अ‍ॅप. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. म्हणून अंकीवाल्याकडे अँड्रॉइड. कार्डावर कांजी, म्हणजे जपानीतलं चिनी अक्षर, दिसते, अर्थ आठवायचा, मग पुन्हा, कठीण, बरं, सोपं यांतलं एक बटण दाबायचं. आठवलं तर कार्ड काही दिवसांनी येतं, मग महिन्यांनी. विसरलं की लगेच. एरवी रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा हा माणूस इथे मात्र हरिश्चंद्र होतो. 'कठीण' दाबू की 'बरं'? सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, याचा निवाडा चालूच.

त्याला जपानी किती येतं, असं विचारू नये. 'आज बाकी किती?' हे विचारावं. गणपतीत चार दिवस अ‍ॅप उघडलं नाही की पाचव्या दिवशी कार्डांचा डोंगर, आणि बाप्पाला निरोप देताना याचा चेहरा बाप्पापेक्षा कावराबावरा. रोजच्या वापरातल्या म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या कांजी २,१३६. त्या मारुतीच्या शेपटासारख्या वाढतच जातात. शिवाय कताकाना या जपानी लिपीतले 'शि' आणि 'त्सु': दोन बारक्या रेघा, एक लांब रेघ, फरक फक्त कलण्याचा. सारखं सारखं विसरणाऱ्या कार्डावर अ‍ॅप 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतं. अंकीवाल्याने अशा बऱ्याच पाळल्यात.

कोणी नवशिक्या सल्ला मागायला आला की हा भाषेबद्दल अवाक्षर काढत नाही. डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, आयता घ्यावा की स्वतः बनवावा, फाँट कुठला, रोज नवी कार्डं वीस की दहा! अख्खी दिवाळीची सुट्टी त्याने कार्डाच्या मागच्या बाजूची सजावट करण्यात घालवली. फराळ त्याच्या खोलीतच पोचवावा लागला. 'उत्सु' म्हणजे औदासीन्य, २९ फटकाऱ्यांची कांजी, त्याला झोपेतही लिहिता येते.

परवा तो सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात कार्डं करत बसला होता. ओकायामाच्या बागेच्या धर्तीवरचं उद्यान. वातावरणनिर्मिती होते म्हणे. एक जपानी आजी आल्या आणि म्हणाल्या, 'देगुची वा दोको देस्का?' अंकीवाला उभा राहिला, 'हाय, हाय' (हो, हो) म्हणत कमरेत वाकला. आजी वाकल्या. हा पुन्हा वाकला. शेवटी माळीबुवांनीच 'गेट उधर' म्हणत हात केला.

'अरे, बाहेर जायचा रस्ता विचारत होत्या ना त्या?' मी म्हटलं.

'मग काय! देगुची पक्का येतो मला,' तो दुखावून म्हणाला. 'पण तो मार्चमध्ये यायचा आहे.'