तारखेची जागा कोरी ठेवणाऱ्या साहेबांना

कार्मिक व प्रशिक्षण विभागातील माननीय साहेब, नवी दिल्ली यांस,

धाराशिवहून लिहितो आहे.

सर्वप्रथम आपले आभार. सरकारातली लबाडी उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा आपण केलात. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात तो छापूनही आला. केंद्र सरकार ठरवील त्या तारखेपासून लागू, एवढंच बाकी होतं. ती तारीख आपण अजून ठरवलेली नाही. मी कायदा दोनदा वाचला. तो कामाचा आहे, म्हणून तर जीव जळतो.

तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. या कलमाबद्दल आपले विशेष आभार, कारण त्याची गरज मी भोगली आहे. आमच्याकडच्या एका कार्यालयात मी बोगस मस्टरची तक्रार दिली होती. ‘नाव गुप्त ठेवावे’ असं वर लाल शाईनं लिहिलं होतं. अकरा वाजता आवक शिक्का पडला. चारला टपरीवर गुत्तेदार शेजारी येऊन बसला, माझ्या चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, “गुरुजी, अर्जात माझ्या नावाची वेलांटी चुकली की हो.” त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

सत्येंद्र दुबे या अभियंत्याचं आपल्याला स्मरण असेलच. सुवर्ण चतुष्कोण महामार्गातली लूट त्यांनी २००२ साली थेट पंतप्रधानांना कळवली, नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटारूंनी केलेला ठरला; पण नाव फुटलं होतं, ते कुठल्या लुटारूंनी फोडलं नव्हतं.

२०१५ साली आपण या कायद्यात दुरुस्ती आणलीत, दहा प्रकारची माहिती तक्रारींतून वगळायला. लोकसभेत ती मंजूरही झाली, पुढे बारगळली. छत्री उघडण्याआधीच तिला भोकं पाडण्याची ही तत्परता आपण तारीख टाकण्यात दाखवावी, एवढंच मागतो.

धाराशिवला याचं काय, असं आपण विचाराल. साहेब, आम्ही पाण्याची वाट पाहणारी माणसं. कृष्णा-मराठवाडा योजनेत २३.६६ टीएमसी पाणी आमच्या नावावर लिहिलेलं आहे, पहिल्या टप्प्यात ७. खर्चाचे आकडे दर सुधारित मान्यतेला चढत गेले. राज्यभराच्या सिंचनात हेच चाललंय, असं नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंता प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये पत्रानं सरकारला कळवलं. सिंचनातल्या या आरोपांवरून सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते पदावर परतले. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली. नोकरीत असताना हे लिहिणारा मुख्य अभियंता त्याआधी मी पाहिला नव्हता. आमच्या कोरड्या चाऱ्यांच्या वतीनं तो माणूस बोलला, हे ऋण मी विसरणार नाही.

जागल्यांच्या तक्रारींसाठी २००४ चा सरकारी ठराव आहे, हे आपण सांगालच. आभारी आहे. पण तो केंद्राच्या कारभारापुरता. पाटबंधाऱ्यातला आमचा अभियंता, आमचा ग्रामसेवक त्यात बसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक पोरगा रात्री घरी आला. नवी नोकरी, लग्न ठरलेलं. न झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची झेरॉक्स त्यानं सतरंजीवर पसरली. “गुरुजी, देऊ का पुढं?” वर्गात तीस वर्षं मी खरं बोला शिकवलं. त्याला मात्र म्हणालो, थांब जरा. हे माझ्या तोंडून आपण वदवलंत, साहेब. याची मला लाज वाटते, आणि आपल्यालाही वाटावी अशी हात जोडून विनंती आहे.

ते कागद माझ्या ट्रंकेत आहेत. तारीख टाका, त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवतो.

आपला नम्र,
धाराशिव जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक