मंडई विद्यापीठाची एटीकेटी

पुण्यात विद्यापीठं दोन. एक 1949 सालचं, आता सावित्रीबाईंच्या नावाचं. दुसरं जोतीरावांच्या नावाच्या, 1886 सालच्या मंडईच्या कट्ट्यावर भरणारं ‘मंडई विद्यापीठ’. तिथे कुणी नापास होत नाही, कारण परीक्षाच नाही.

पहिल्यात एटीकेटी आहे. विषय राहिला तरी पोरगा वरच्या वर्गात! ‘अलाउड टू कीप टर्म्स’ हे पूर्ण रूप न अडखळता सांगणाऱ्याला खरं तर ग्रेस गुण द्यायला हवेत. मंडईत सकाळची मेथी संध्याकाळी मान टाकते, तसा तिचा भाव उतरतो. विद्यापीठात मात्र राहिलेल्या विषयाचं शुल्क पुन्हा भरायचं.

आधार म्हणून विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहेच. शिवाय मंडईतली मावशी. जुडी बांधता बांधता विचारते, “सुटला का रे विषय?” समुपदेशन फुकट, कोथिंबिरीचे दहा रुपये.