कशालाकाकू

आमच्या मजल्यावरच्या काकूंचं खरं नाव खालच्या टपालपेटीवर आहे. एरवी सगळी इमारत त्यांना कशालाकाकू म्हणते. त्यांना काहीही द्या, मुलगा पास झाल्याचा पेढा द्या नाहीतर लिफ्ट बंद असताना पिशवीला हात द्या, पहिला शब्द ठरलेला: "अहो, कशाला!" दुसरा, "उगाच." तिसरा शब्द येईपर्यंत तुमचा पेढा तुमच्याच हातात परत आलेला असतो, वर त्यांच्याकडचे दोन लाडू.

भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीतच. चिमूटभर साखर घातली तरी भागतं. काकूंचं भागत नाही. मागे मी त्यांना वाटीभर अळूचं फदफदं दिलं. तासाभरात वाटी आली, लखलखीत घासलेली आणि श्रीखंडाने तुडुंब. ओशाळून मी थालीपीठं पाठवली. संध्याकाळी पुरणपोळ्या. मग घरच्यांनीच हात जोडले: "आता थांब, पुढच्या खेपेला सोनं येईल."

मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने 1925 साली भेटवस्तूंवर मोठा निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं, अशी तीन बंधनं त्याने सांगितली. काकूंनी मधलं गाळलंय. संक्रांत ते रथसप्तमी वाण लुटताना त्यांचा हात सढळ. पण दुसऱ्याकडून साधी चहाची गाळणी मिळाली तरी कर्ज काढल्यासारखा चेहरा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या नोंदीशेजारी, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: '302, वाटली डाळ.' '104, रिक्षा थांबवली.' फेडलं की आडवी रेघ.

यंदा पावसाळ्यात त्या जिन्यात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, 6 आठवडे प्लास्टर. दारात डब्यांची रीघ लागली. "कशाला, उगाच" झालं, पण डाव्या हाताने पोळी लाटता येत नाही, म्हणून डबे आत गेले. बाहेर मात्र येईनात. रिकामा डबा द्यायचा कसा, आणि भरायचा कशाने? ओट्यावर 11 डब्यांची उतरंड रचली गेली आणि मजल्यावर डब्यांचा दुष्काळ पडला. मी पोळीभाजी आइस्क्रीमच्या डब्यातून ऑफिसला नेत होतो.

शेवटी 301 मधली कॉलेजात जाणारी मुलगी स्वतःचा डबा सोडवून आणायला गेली. आधार म्हणून मीही मागोमाग. काकूंचे कमरेपर्यंतचे केस चार दिवसांत विंचरले नव्हते. मुलगी म्हणाली, "काकू, खाली बसा."

"अगं, कशाला…"

"उगाच," मुलीनेच वाक्य पुरं केलं आणि तेलाची बाटली उघडली.

काकूंचे डोळे मिटले. मानेजवळचा एक गुंता फारच चिवट होता. तो सुटेस्तोवर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एकदा मान नुसती थोडी मागे टेकली.

वेणी झाल्यावर मात्र उठल्या, डाव्या हातात पेन्सिल धरून कालनिर्णयावर मुंग्यांच्या पायांसारखं लिहिलं: '301, वेणी.' मग वळून मुलीच्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. तिचा बॉयकट होता.

"तू जरा केस वाढव की गं," काकू म्हणाल्या.