सहा मागे, दोन पुढे

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या खाचरांत ट्रॅक्टर न्यायचा, तर आधी बांध फोडावा लागतो. आणि बांध फुटला की खाचरात ट्रॅक्टरच्या आधी भावकी उतरते. म्हणून या उतारावर राज्य पॉवर टिलरचं. पुढे एका सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन, मध्ये गिअरबॉक्स, मागे चिखलातून फरफटत जाणारा मालक.

आमचा टिलर दुरुस्तीला महाडात होता, तेव्हा 22 जुलै 2021चा पूर आला. सावित्रीच्या पाण्यात लोकांचे संसार गेले, तिथे टिलरचं रडगाणं कोण ऐकणार? गाळ काढून त्याला पुन्हा जुंपला. पुढे तो तेल पिऊ लागला, क्रँक वाजू लागला. मिस्त्री म्हणाला, "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. इंजिन बदला."

इंजिन शोधायचं काम आप्पांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, अंगावर घेतलं. घाटावरचा माल टिकाऊ, ही त्यांची श्रद्धा. त्यामुळे उसाला पाणी देऊन निवृत्त झालेलं एक इंजिन आंबेनळी घाट उतरून टेम्पोतून आलं. हॉर्सपॉवर तेवढीच, रंग ताजा. बोल्टांची भोकं जुळेनात, ती मिस्त्रीने लांबवली. दोन्ही पुल्यांवर सुतळी ताणून रेघ साधली, पट्टे चढवले.

सुरू करायचं हँडल मात्र उलट्या बाजूने फिरवावं लागत होतं. आप्पा म्हणाले, "घाटावरची सवय असंल."

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आप्पांनी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि टिलर थेट त्यांच्या अंगावर आला. आप्पा खाचरात, टिलर बांधाला.

इंजिनाची फिरकीच उलटी! मूळचे 6 गिअर पुढचे, 2 मागचे. आता मागे जायला 6 आणि पुढे यायला 2. रोटरीही उलटी फिरून माती पुढे उडवू लागली.

मग सल्ले आले. पूर्वी गिरणीत काम केलेले एक आजोबा म्हणाले, "पट्ट्याला आठाचा पीळ द्या." गिरणीच्या सपाट पट्ट्याला तो पीळ चालतो, चाक उलटं फिरतं; पण टिलरचे पट्टे पाचरीच्या आकाराचे, पीळ दिला तर एकमेकांना घासून खलास. दुसऱ्याने इंजिन फिरवून बसवायला सांगितलं. पण मग पुली पलीकडच्या अंगाला जाते. तिसरा म्हणाला, "हँडल पुढनं लावा आणि उलटे चाला." हा गृहस्थ ग्रामपंचायतीत आहे.

इकडे आर्द्रा नक्षत्र लागलेलं, आवण उपटायला आलेलं. शेवटी शेजारच्या वाडीतली बैलजोडी भाड्याने आणून चिखलणी उरकली. बैलांना मागचा गिअर नसतो, हे बैलवाल्याने प्रत्येक वळणावर ऐकवलं आणि भाडंही त्याच हिशेबाने लावलं.

टिलरला पुढे सरळ फिरकीचं इंजिन मिळालं. आप्पांचं इंजिन ओढ्यावर पंप ओढतं, आणि तिथे ते खरंच गुणी आहे. तेव्हा जुनं इंजिन घ्यायला जाल तर रंग, आवाज आणि विकणाऱ्याच्या शपथा नंतर बघा. आधी ते सुरू करायला लावा, फ्लायव्हील कुठल्या बाजूला फिरतं ते पाहा, आणि मगच खिशात हात घाला.